रीफ टाकीतलं नायट्रेट व्हिनेगरने कसं उतरवायचं: पहिल्यांदाच कार्बन डोसिंग करणाऱ्यांसाठी

रीफ टाकी, म्हणजे कोरलांची खाऱ्या पाण्याची टाकी, वर्षाची होत आली, मासे धडधाकट, झोआंथिड आणि मश्रूम ही कोरलं पसरतायत, पण नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) खाली यायचं नाव घेत नाही. पाणी बदललं की चार दिवस बरं, मग पुन्हा जैसे थे. अशा वेळी दुकानदार महागडी बाटली पुढे करतो. एक ओळखीचा म्हणतो व्होडका टाक, दुसरा म्हणतो साखर टाक, तिसरा म्हणतो यातलं काहीही केलंस तर टाकी एका रात्रीत जाईल. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून तर नवा माणूस गोंधळतो. मी पुण्यात घरी रीफ टाकी ठेवतो आणि व्हिनेगरने कार्बन डोसिंग करतो, म्हणजे बॅक्टेरियांना खाद्य म्हणून पाण्यात रोज थोडा सेंद्रिय कार्बन टाकतो. त्यातलं जे सुरुवातीलाच क्रमाने माहीत असायला हवं, ते इथे लिहिलंय.

आधी हे काम कसं करतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून टाकीत नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर येतात. बॅक्टेरियांना वाढायला या दोन्हींबरोबर सहज पचणारा सेंद्रिय कार्बन लागतो, आणि टाकीत नेमका तोच कमी पडतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड किंवा व्होडकातलं इथेनॉल म्हणजे असा कार्बन. तो मिळाला की बॅक्टेरिया झपाट्याने वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट स्वतःच्या शरीरात ओढून घेतात. मग त्यातले बरेचसे स्किमरच्या (बारीक बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण कपात काढणाऱ्या यंत्राच्या) फेसाबरोबर कपात जातात, काहींना कोरलं आणि स्पंज हे प्राणी खाऊन टाकतात. दगडाच्या आत, जिथं ऑक्सिजन पोचत नाही, तिथं थोडं नायट्रेट नायट्रोजन वायू होऊन निघूनही जातं.

म्हणजे तुम्ही पाण्यात औषध टाकत नाही, टाकीत आणखी एक प्राणी पाळायला घेताय. तो ऑक्सिजन घेणार, फॉस्फेट खाणार, आणि त्याला रोज बाहेर काढावं लागणार. पुढे जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा यातली एखादी गोष्ट विसरल्यामुळे बिघडतं.

आणि हो, स्किमरशेजारी पिशवीत ठेवतात तो काळा ॲक्टिव्हेटेड कार्बन वेगळा. त्याने पाणी स्वच्छ दिसतं, वास जातो, पण नायट्रेट उतरत नाही.

१. तुम्हाला याची गरज आहे का, ते ठरवा

नायट्रेट १० पीपीएमच्या आत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ५ ते १० पीपीएम हा आजार नाही. टॉर्च आणि हॅमर ही कोरलं, मश्रूम आणि बहुतेक सॉफ्ट कोरलं या पातळीत मजेत राहतात. टाकी सहा महिन्यांहून लहान असेल तरीही थांबा, कारण तिचं स्वतःचं चक्र अजून बसतंय. आणि प्रोटीन स्किमर नसेल तर सुरूच करू नका. बॅक्टेरिया वाढवायचे आणि काढायचे नाहीत, तर ते टाकीतच मरून सगळं परत पाण्यात सोडतात, आणि मधल्या काळात ऑक्सिजन खातात तो वेगळाच.

२. नायट्रेट येतंय कुठून ते आधी शोधा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्या लोकांचं काम इथंच होतं.

पहिला संशय पाण्यावर. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पिण्यालायक पाणीसुद्धा टाकीत ४० पीपीएम नायट्रेट घेऊन येऊ शकतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारूच नका. "आमच्याकडे आरओ आहे" असं म्हणून बरेच जण निश्चिंत असतात. पण स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. त्याच्या नळाखाली टीडीएस मीटर धरा, ५० ते १०० असा आकडा सहज येतो. रीफ टाकीला आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार पकडणाऱ्या दाण्यांचा) टप्पा लागतो आणि मीटरवर शून्य दिसायला लागतं. दोन-तीन आकडा दिसला की रेझिन बदलायची वेळ झाली.

दुसरा संशय साठलेल्या घाणीवर. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, आठवडाभर तसाच असेल, संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) महिनोन्‌महिने न धुतलेला स्पंज असेल, दगडामागे पंप पोचत नाही तिथं गाळाचा थर असेल, तर व्हिनेगर कितीही टाका, तुम्ही नुसते मागून धावत राहाल. सॉक दोन-तीन दिवसांनी बदला. गाळ एकदम ढवळू नका. प्रत्येक पाणी बदलाच्या वेळी एकेक कोपरा नळीने ओढून घ्या.

तिसरा संशय हातावर. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाद्याचा) क्यूब वितळलेल्या पाण्यासकट टाकला जातो. गाळणीत घेऊन आरओ पाण्याने धुऊन मगच टाका.

मग पाणी बदलाचा हिशेब. नव्या पाण्यात नायट्रेट शून्य असेल तर एका वेळी २५ टक्के पाणी बदलल्यावर ४० चे ३० होतात. पुन्हा बदललं की साडेबावीस. असं करत १० च्या खाली जायला पाच बदल लागतात, आणि तेही मधे नवं नायट्रेट तयार होत नाही असं धरून. मोठ्या टाकीला हे मिठाच्या बादल्या रिकाम्या करणारं काम आहे. पण वरच्या तीन गोष्टी ठीक करून दोन-तीन मोठे बदल केले आणि नायट्रेट २० ला येऊन थांबलं, तर कार्बन डोसिंगचं काम निम्म्याने हलकं होतं. माझं मत विचाराल तर ८० पीपीएमवर व्हिनेगर सुरू करण्यात अर्थ नाही. आधी पाणी बदला.

३. सामान

- नायट्रेटचं टेस्ट किट, मुदत संपलेली नसलेलं. सॅलिफर्ट किंवा रेड सी दोन्ही चालतात. मधेच कंपनी बदलू नका.
- फॉस्फेटसाठी हॅनाचा डिजिटल चेकर. रंग जुळवायच्या किटने ०.०३ आणि ०.१ मधला फरक डोळ्याला कळत नाही, आणि इथं तोच फरक महत्त्वाचा आहे.
- अल्कलिनिटीचं (पाण्याच्या आम्ल पेलण्याच्या क्षमतेचं, ती डीकेएचमध्ये मोजतात) किट.
- चालता, टाकीच्या मापाचा प्रोटीन स्किमर.
- मेडिकलच्या दुकानातली ५ आणि १० मिलीची सिरिंज, सुईशिवाय.
- एअर पंप आणि एअर स्टोन. शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा.
- साधं पांढरं व्हिनेगर.
- वही. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

डोसिंग पंप या यादीत मुद्दाम घातलेला नाही. पहिले दोन-तीन महिने हातानेच टाका. रोज टाकीसमोर उभं राहावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांत जे दिसतं ते पंप तुम्हाला सांगत नाही.

टेस्टबद्दल दोन शब्द. सॅलिफर्टच्या किटमध्ये रंग वरून बघायचा असतो. फिका असेल तर कुपी बाजूने बघून येणारा आकडा १० ने भागायचा. हे भागायचं राहिलं की ०.५ असलेलं नायट्रेट ५ वाटतं आणि माणूस डोस वाढवत बसतो. उलट रंग गडद गुलाबी, ५० आहे की १०० कळत नाही असा असेल, तर एक भाग टाकीच्या पाण्यात चार भाग आरओ-डीआय पाणी घालून टेस्ट करा आणि उत्तराला ५ ने गुणा.

हॅनाच्या चेकरमध्ये कुपीवर बोटाचा एक ठसा राहिला किंवा काचेला आतून एक बुडबुडा चिकटला तरी आकडा उडतो. कुपी मऊ कापडाने पुसा, हलकेच उलटीसुलटी करून बुडबुडे घालवा, शून्यासाठी आणि मोजण्यासाठी तीच कुपी त्याच दिशेने ठेवा. फॉस्फेट थेट पीपीएममध्ये दाखवणाऱ्या अल्ट्रा लो रेंज चेकरची स्वतःची चूकच ०.०२ च्या आसपास असते. त्यामुळे काल ०.०५ आणि आज ०.०४ आलं म्हणजे काहीतरी घडलं असं समजू नका. तुमचा चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवणारा असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: २० पीपीबी म्हणजे साधारण ०.०६ पीपीएम फॉस्फेट.

४. व्हिनेगर, व्होडका की आणखी काही?

परदेशात या पद्धतीची ओळख बहुतेकांना व्होडकामुळे झाली, म्हणून आपल्याकडेही तिचंच नाव आधी निघतं. व्होडकाचा फायदा एवढाच की थोडी लागते आणि पीएच खाली ओढत नाही. तोटे आपल्या घरात जास्त. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ लागतं, आणि वर्धा किंवा गडचिरोलीत राहत असाल तर प्रश्नच मिटला. शिवाय हॉलमधल्या टाकीखालच्या कपाटात बाटली कशाला, हे सासरच्या मंडळींना समजावून सांगायचं असेल तर शुभेच्छा.

खरं कारण मात्र वेगळं आहे. व्होडकात कार्बन इतका दाट असतो की नवख्या हातून अर्धा मिली जास्त गेला तरी मोठी चूक होते. आपल्याकडची व्होडका ४२.८ टक्के अल्कोहोलची आणि व्हिनेगर बहुधा ४ टक्के ॲसिटिक ॲसिडचं. हिशेब केला तर १ मिली व्होडका म्हणजे साधारण ११ मिली व्हिनेगर. दोन मिली व्हिनेगर जास्त पडलं तर टाकीला पत्ताही लागत नाही. दोन मिली व्होडका जास्त पडली तर सकाळी पाणी दुधाळ झालेलं दिसू शकतं. तेव्हा नवीन असाल तर व्हिनेगर.

पण कुठलंही व्हिनेगर नाही. चायनीजच्या गाडीवर आणि किराणा दुकानात मिळतं ते पाण्यासारखं पारदर्शक सिंथेटिक व्हिनेगर घ्या. लेबलवर घटक म्हणून फक्त पाणी आणि ॲसिटिक ॲसिड असावं. कॅरॅमल रंग, मीठ, साखर, मसाला यातलं काही दिसलं की ती बाटली लोणच्याला. ॲपल सायडर व्हिनेगर नको. गोव्याचं माडाचं व्हिनेगर सोरपोतेलला उत्तम, टाकीला नको. ते ताडीपासून आंबवलेलं असतं आणि आंबवताना उरलेलं बरंच काही त्यात असतं. ॲसिडचं प्रमाण लेबलवर बघा. ५ टक्के असेल तर खाली दिलेल्या मात्रा पाचव्या हिश्श्याने कमी करा.

साखर स्वस्त आहे, पण तिने पाणी फार पटकन गढूळ होतं आणि मोजमाप नीट जमत नाही. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणून घरी पातळ करण्याचा उद्योग करू नका, कातडी आणि डोळे भाजतात. सॅनिटायझर किंवा डिनेचर्ड स्पिरिट तर चुकूनही नाही. त्यात विषारी आणि कडू पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. रेड सीचं नोपॉक्स काम चोख करतं, फक्त महाग पडतं. ते वापरणार असाल तर बाटलीवरची मात्रा पाळा, माझी नाही. बायोपेलेट्स म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकचे दाणे, त्यांना वेगळा रिॲक्टर लागतो. पहिल्या प्रयोगाला त्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण मात्रा कमी-जास्त करणं तुमच्या हातात राहत नाही.

५. टाकीत खरं पाणी किती आहे ते मोजा

दुकानात सांगितलेला आकडा धरू नका. समजा टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर आहे. गुणाकार करून १००० ने भागलं की १८२ लिटर. संप ६० बाय ३५ आणि पाण्याची उंची २५, म्हणजे साडेबावन्न लिटर. बेरीज २३४ च्या आसपास. त्यातून काचेची जाडी, वर मोकळी सोडलेली जागा, दगड आणि वाळू यांचे साधारण १५ टक्के वजा करा. राहिलं २०० लिटर. हाच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शंका असेल तर कमी धरा.

६. मात्रा

खालचा हिशेब ४ टक्के व्हिनेगर आणि २०० लिटर पाणी धरून आहे. सूत्र सोपं: सुरुवात दर १०० लिटरला रोज १ मिलीने, आणि दर आठवड्याला तेवढीच वाढ.

पहिला आठवडा: रोज २ मिली
दुसरा आठवडा: रोज ४ मिली
तिसरा आठवडा: रोज ६ मिली
चौथा आठवडा: रोज ८ मिली

असं पुढे. आठवड्यातून दोनदा नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी मोजा, ठरलेल्या वारी, एकाच वेळी. ज्या आठवड्यात नायट्रेट स्पष्ट खाली आलेलं दिसेल त्या आठवड्यापासून वाढ बंद. ती मात्रा तशीच चालू ठेवा आणि नायट्रेटला आपल्या गतीने उतरू द्या. आठवड्याला पाचेक पीपीएम उतरणं उत्तम. त्याहून बरंच वेगाने उतरत असेल तर मात्रा कमी करा. कोरलांना उपाशी राहायची सवय एका रात्रीत होत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे आकडा हलत नाही, कधी कधी तर थोडा चढतो. इथं लोकांचा धीर सुटतो आणि मात्रा एकदम दुप्पट केली जाते. बॅक्टेरिया मात्र त्याच वेळी वाढत असतात, टेस्ट किटमध्ये ते दिसायला वेळ लागतो, आणि दुप्पट मात्रेचा परिणाम दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

वाढवत वाढवत १०० लिटरला १५ मिलीपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० मिलीपर्यंत पोचलात आणि तरी नायट्रेट ढिम्म, तर आणखी टाकू नका. अडचण व्हिनेगर कमी पडण्याची नाही. फॉस्फेट बघा, स्किमर बघा, टेस्ट किटची तारीख बघा.

बाटलीतले बॅक्टेरिया सोबत टाकावेत का? टाकले तर बिघडत नाही, पण वर्षभर चाललेल्या टाकीत ते आधीच आहेत. "मालवणहून एक दगड आण, त्यावर बॅक्टेरिया असतात" हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. प्रवाळभित्ती बांधणारी सगळी कोरलं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रातून कोरल किंवा त्यावरचा दगड उचलणं हा गुन्हा आहे.

७. कधी आणि कुठे टाकायचं

सकाळी, दिवे लागल्यानंतर. ॲसिड असल्यामुळे व्हिनेगरने पीएच काही वेळ खाली जातो, आणि रात्री तो तसाही खाली असतो. बंद खिडक्या आणि एसीच्या खोलीत तर कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे आणखीच. रात्री दिवे बंद असताना ऑक्सिजनही कमी असतो. मात्रा १० मिलीच्या वर गेली की सकाळ-दुपार अशी दोन भागांत विभागा.

जागा: संपमध्ये, स्किमरच्या पंपाजवळ, जिथं पाणी जोरात वाहतंय तिथं. सिरिंजने थेंब थेंब सोडा. कोरलांवर किंवा मुख्य टाकीत थेट ओतू नका. पुढे डोसिंग पंप लावलात तर नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर सायफन लागून अख्खी बाटली उतरू शकते. टोक अधूनमधून पुसा, तिथं पांढरा बुळबुळीत थर हमखास जमतो. आणि पंपाच्या बाटलीत एका वेळी तीन-चार दिवसांपुरतंच व्हिनेगर भरा. पंप अडकून सगळं गेलं तरी टाकी वाचेल इतकंच.

व्हिनेगरने अल्कलिनिटी कायमची कमी होते असं बरेच जण समजतात. तसं नाही. बॅक्टेरियांनी ॲसेटेट खाल्लं की ती परत मिळते. उलट नायट्रेट उतरतं तशी अल्कलिनिटी थोडी वर येते: ३० पीपीएम नायट्रेट गेलं तर साधारण १.३ डीकेएच. त्यामुळे तुम्ही रोज बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पावडर) टाकत असाल तर सवयीने तीच मात्रा चालू ठेवू नका, मोजून टाका.

८. रोज काय बघायचं

स्किमरचा कप. आतापर्यंत पातळ, तपकिरी पाणी जमत असेल तर ते दाट, काळपट-हिरवं व्हायला लागेल आणि वास असा सुटेल की कप न्हाणीघरात नेऊन धुताना दार लावून घ्याल. ही चांगली खूण आहे. कपाच्या मानेवर आतून चिकट थर बसतो, तो दोन दिवसांनी पुसून काढा, नाहीतर फेस वर चढत नाही. पंपांवर, पाइपच्या आत, ओव्हरफ्लोच्या जाळीवर पांढरट तंतू दिसतील. थोडे असतील तर घाबरू नका, बोटाने काढून टाका. भरपूर असतील तर मात्रा जास्त होतेय.

मासे. सकाळी दिवे लागण्याआधी टॉर्च मारून बघा. ते पृष्ठभागाजवळ येऊन भरभर कल्ले हलवत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. त्या दिवशी व्हिनेगर नाही, एअर स्टोन चालू.

कोरलांचा रंग. किंचित उजळ होणं अपेक्षित आहे. पांढुरकी पडायला लागली, एसपीएसची (लहान पॉलिपांच्या कडक कोरलांची) टोकं करपल्यासारखी दिसली, तर पाण्यात खाद्य फार कमी झालंय किंवा अल्कलिनिटी जास्त आहे. नायट्रेट-फॉस्फेट कमी असलेल्या टाकीत अल्कलिनिटी ७.५ ते ८.५ डीकेएचमध्येच ठेवा; १०-११ वर चालवणाऱ्या टाकीत हा प्रयोग महागात पडतो.

९. कुठे थांबायचं

नायट्रेट २ ते १० पीपीएममध्ये आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये आलं की काम झालं. शून्य हे ध्येय नाही. नायट्रेट १० च्या जवळ आलं की मात्रा पाव हिश्श्याने कमी करा, आठवडाभर बघा, मग आणखी कमी करा. बहुतेक टाक्या सर्वात मोठ्या मात्रेच्या निम्म्याच्या आसपास स्थिरावतात. ती तुमची कायमची मात्रा. एकदम बंद करू नका. बॅक्टेरिया उपाशी पडून मरतात, साठवलेलं सगळं पाण्यात सोडतात आणि लाल शेवाळाला मेजवानी मिळते. बंद करायचंच असेल तर दर आठवड्याला थोडं कमी करत महिनाभरात शून्यावर या.

१०. बिघडलं तर

पाणी दुधाळ झालं: बॅक्टेरिया पाण्यातच फोफावले आहेत. कोरलांना याने लगेच फार त्रास होत नाही, माशांचा श्वास मात्र कोंडतो. व्हिनेगर ताबडतोब बंद, एअर स्टोन दोन असतील तर दोन्ही, रिटर्नचं (संपमधून टाकीत पाणी परत सोडणाऱ्या पाइपचं) तोंड पृष्ठभागाकडे, स्किमर जोरात, आणि २० टक्के पाणी बदल. पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर लावा. बहुधा दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं. त्यानंतर आठवडाभर थांबून निम्म्या मात्रेने सुरुवात.

फॉस्फेट शून्य आणि नायट्रेट अडकलेलं: हा सगळ्यात फसवा सापळा. बॅक्टेरियांना दोन्ही लागतात. फॉस्फेट संपलं की ते नायट्रेट घेऊच शकत नाहीत, मग तुम्ही व्हिनेगरचा टँकर आणा. हे बहुतेक वेळा फॉस्फेट शोषणारं लोहाचं मीडिया, म्हणजे जीएफओ, सोबत चालू असल्यामुळे होतं. कार्बन डोसिंग सुरू करताना जीएफओ काढून ठेवा. फॉस्फेट तरीही ०.०२ च्या खाली गेलं तर माशांना थोडं जास्त खायला घाला आणि मात्रा वाढवू नका.

लाल-जांभळा मखमली थर: सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. वाळूवर थोडा दिसला तर नळीने ओढून काढा, त्या जागी प्रवाह वाढवा आणि मात्रा आहे तिथंच धरून ठेवा. व्हिनेगर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो बऱ्याच टाक्यांत येतो.

तपकिरी, शेंबडासारखे तंतू आणि त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी जास्त: हे डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी सूक्ष्मजीव) असण्याची शक्यता मोठी. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही तळाला गेले की ते डोकं वर काढतात, आणि काही जाती गोगलगायींना विषारी ठरतात. इथं व्हिनेगर बंद करा आणि दोन्ही आकडे वर येऊ द्या. सायनो समजून पाणी बदलत बसलात तर ते आणखी वाढतील.

११. उन्हाळा, वीज आणि गाव

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. खाऱ्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला सहाच्या थोडं वर. फरक लहान वाटतो, पण त्याच वेळी मासे आणि बॅक्टेरिया दोघेही उष्णतेमुळे जास्त ऑक्सिजन खात असतात. चिलर नसेल आणि एप्रिल-मेमध्ये टाकी २९ च्या वर जात असेल तर ते दोन महिने मात्रा वाढवू नका. नव्याने सुरुवात तर उन्हाळ्यात करूच नका. पावसाळा लागू द्या.

वीज जाणं हा दुसरा धोका. स्किमर बंद, प्रवाह बंद, आणि बॅक्टेरिया मात्र जेवत बसलेले. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असा मेसेज आला की त्या सकाळचं व्हिनेगर चुकवा. पुण्यात बहुधा गुरुवारी ही वेळ येते. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि एअर पंप असू द्या, स्किमर नसला तरी चालेल. स्किमर धुवायला काढलाय, पंप जळलाय, कप भरून वाहिलाय, अशा कुठल्याही दिवशी मात्रा नाही. आणि चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायची नाही. एक-दोन दिवस चुकल्याने काही होत नाही.

गावाला जायचं असेल तर आठवडाभर आधी मात्रा कमी करत निम्म्यावर आणा. डोसिंग पंप नसेल आणि शेजारी किंवा धाकटा भाऊ टाकी सांभाळणार असेल, तर त्याच्या हातात व्हिनेगरची बाटली देऊ नका. रोजची मात्रा भरलेल्या सिरिंज टोपण लावून, वार लिहून, एका डब्यात ठेवा. डब्यावर जाड अक्षरात लिहा: पाणी पांढरं दिसलं, मासे वर आले किंवा वीज गेली, तर आज टाकू नको, एअर पंप लाव आणि मला फोन कर.